चार बोटं आत

माझा पहिला प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला आणि सासूबाईंनी तो पुसून टाकायला लावला.

तीन नळ्यांमधल्या दाबाची सरासरी काढायची, एवढंच काम होतं. उत्तर बरोबर आलं तेव्हा मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच. सासूबाई म्हणाल्या, वाचून दाखव. मी वाचायला लागले. 'क' बरोबर 'क१' अधिक 'क२'... त्यांनी हात वर केला. हा 'क' कोण, आणि 'क१' त्याचा भाऊ का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

"चालतोय की, आई," मी म्हटलं.

"चालायचं काय घेऊन बसलीस? उताराला लागलं की गाडंही चालतं. उद्या हे दुसऱ्या कुणाला वाचायचंय. पूस आणि परत लिही."

मी पुसलं. रागाने पुसलं, पण पुसलं. मी रेवती मगदूम, वय बत्तीस, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आठ वर्षं काढलेली. कारखाना बंद पडला तेव्हा घरात बसून राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. नवरा, सुजय, ढालगावच्या पवनचक्क्यांवर कामाला, आठवड्यातून दोनदा घरी. उरलेले दिवस मिरजेच्या घरात आम्ही दोघीच, आणि सासूबाई म्हणजे 'ओघ' कंपनीच्या सगळ्यात जुन्या वाचक. तेव्हा वाचकाचं काम शिकायचं मी ठरवलं. सासू घरची आहे म्हणजे शिकवणी सोपी जाईल असं मला वाटलं होतं. त्या समजुतीचं मला आजही हसू येतं.

वाचक म्हणजे काय, ते आधी सांगते. आता प्रोग्राम माणसं लिहीत नाहीत. काय हवं ते सांगितलं की यंत्र लिहून देतं, आणि आपण महिनाभर घासून लिहू त्यापेक्षा चांगलं लिहितं. पण यंत्राने लिहिलेलं यंत्रानेच तपासायचं हे लोकांच्या पचनी पडलं नाही. त्यातून नियम आला: जे उपकरण माणसाच्या शरीराला लागतं, त्याचा कोड तीन परवानाधारक माणसांनी वाचून सही केल्याशिवाय ते बाजारात जाणार नाही. 'ओघ' कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत डायलिसिसची यंत्रं बनवते. तिथल्या तीन सह्यांपैकी एक सही वैजयंती मगदूम यांची, म्हणजे आमच्या सासूबाईंची.

वाचायचंच असेल तर लिहायला कशाला शिकायचं, असं मी पहिल्या आठवड्यात विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, ज्याला स्वयंपाक येत नाही त्याला आमटी बिघडली एवढं कळतं, कशाने बिघडली ते कळत नाही. परवान्याच्या परीक्षेतही हाताने लिहावं लागतंच. मग मी लिहीत राहिले.

त्यांच्या शिस्तीचा पाया स्वयंपाकघरात होता. लग्न होऊन आले तेव्हा मी एका डब्यावर 'पीठ' अशी चिठ्ठी लावली होती. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, कसलं? तेच पुढे कोडमध्ये. 'माहिती' असं नाव मी कशाला दिलं की विचारणार, कसली? एका फंक्शनने एकच काम करायचं. टीप लिहायची तर हे काय आहे ते नाही, हे असं का केलंय ते लिहायचं. आणि एक ओळ एका श्वासात वाचून झाली पाहिजे. वाचताना मला धाप लागली की त्या म्हणायच्या, तोड ती ओळ.

सगळ्यात कडक नियम होता तो मांडणीचा. आमच्या भाषेत कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे ते समास सोडून दाखवतात. 'वीज गेली तर' असं लिहिलं, की वीज गेल्यावर जे करायचं त्या ओळी चार जागा आत सरकतात. त्यांच्याही पोटात काही असेल, तर ते आणखी चार जागा आत. ते काम संपलं की पुन्हा बाहेर. मोठ्याने वाचताना मी 'आत' आणि 'बाहेर' असं म्हणायचं, आणि सासूबाई टेबलावर बोट ठेवून प्रत्येक 'आत'ला ते चार बोटं उजवीकडे सरकवायच्या, 'बाहेर'ला परत डावीकडे. फंक्शन संपलं की बोट टेबलाच्या डाव्या कडेला आलंच पाहिजे. नाही आलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

कंपनीतही पूर्वी अशीच पद्धत होती म्हणे. दर गुरुवारी सगळे वाचक एका टेबलाभोवती बसायचे, एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. मधे भडंगाचं पातेलं असायचं. त्यातल्या कुंभोजकरांना ऐकताना खाऊ नका म्हणून सासूबाई दर गुरुवारी सांगायच्या आणि ते दर गुरुवारी खायचे. ही पद्धत 'सुवाच' आल्यावर बंद पडली.

सुवाच हा एक चष्मा आहे, आणि त्याच्यामागचा शोध खरंच हुशार आहे. कोड म्हणजे मुळात ओळी नसतातच. आत असतो तो एक आराखडा, कशात काय आहे याचा. ओळी, समास, मोकळ्या जागा हे सगळं माणसाच्या डोळ्यासाठी. मग प्रत्येक डोळ्याला तीच मांडणी कशाला? सुवाच तुमची बुबुळं बघतो. नजर कुठे अडखळते, कुठे मागे फिरते, कुठे न थांबता पुढे जाते, हे तो काही महिने शिकतो आणि त्याप्रमाणे तुमच्यापुरती मांडणी करतो. कुंभोजकरांना लांब ओळी आवडतात, त्यांना लांब दिसतात. दुसऱ्या कुणाला आखूड हव्या असतील, तर त्याला आखूड. समास किती सोडायचा यावरून ज्या कचेऱ्यांमध्ये माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, तिथलीही भांडणं मिटली.

फक्त एक झालं. 'चाळिसावी ओळ बघा' असं म्हणायची सोय राहिली नाही, कारण प्रत्येकाची चाळिसावी ओळ वेगळी. एकत्र बसून वाचण्यात अर्थ उरला नाही. जो तो आपापल्या चष्म्यात वाचू लागला, आणि वेग तिपटीने वाढला म्हणून मालक अरवाडे साहेब खूश होते.

मांडणीसाठी जन्मभर भांडलेल्या माझ्या सासूबाईंनी हा चष्मा सगळ्यांच्या आधी लावला, याचं कंपनीत सगळ्यांना नवल वाटलं होतं. मलाही वाटायचं. मला मात्र त्या तो लावू देत नव्हत्या. शिकाऊ माणसाला पहिलं वर्षभर सुवाच नाही, हा परवान्याचा नियमच होता, कारण कच्च्या डोळ्याकडून चष्मा काय शिकणार? मी चिडून म्हणायचे, तुम्ही गादीवर आणि आम्ही दगडावर. त्या म्हणायच्या, चष्म्यातून सगळ्यांचं नीटनेटकंच दिसतं, म्हणून तर तुझं मी कानाने तपासते. ते मला पटलं होतं.

त्या पावसाळ्यानंतर 'ओघ'ने घरी वापरायचं डायलिसिस यंत्र काढलं. जतच्या पलीकडच्या गावांतून आठवड्याला तीनदा मिरजेला येणाऱ्या माणसांना आता यावंच लागणार नव्हतं. कोड वाचून झाला होता, तिन्ही सह्या झाल्या होत्या, सोमवारी पहिली यंत्रं निघणार होती. सराव म्हणून सासूबाईंनी मला त्यातला एक भाग साध्या मांडणीत वाचायला दिला.

मी शनिवारी दुपारी बसले. मला काही वगळता येत नव्हतं, कारण काय महत्त्वाचं आणि काय नाही हेच कळत नव्हतं. म्हणून नळ्या धुण्याच्या भागापाशी मी थांबले. तिथे काय होतं ते सोपं आहे. उपचाराआधी नळ्या धुतात, तेव्हा त्यांतून हवेचे बुडबुडे जाणारच. म्हणून तेवढ्यापुरता हवेचा अलार्म बंद करतात आणि धुणं झालं की पुन्हा चालू. एरवी तो अलार्म बंद असून चालत नाही. बुडबुडा रक्तात गेला तर माणूस जातो. तर तो अलार्म पुन्हा चालू करणारी ओळ मला जरा जास्तच आत वाटली. पण मी शिकाऊ, मला काय कळतंय, म्हणून मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी चष्म्यातून पाहिलं. "धुलाई. अलार्म बंद, मग चालू. ठीक आहे की."

"पण ती ओळ एक पायरी जास्त आत आहे, आई."

"माझ्याकडे एकच ओळ आहे रेवती. बंद, मग चालू."

एकाच कोडकडे बघून आम्ही दोघी दोन वेगळ्या गोष्टी बोलत होतो, आणि दोघींनाही आपण खरं बोलतोय याची खात्री होती. मला राग आला. मी तो भाग फोनवर घेतला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला. सुवाच कागदावर चालत नाही, त्याला मूळ फाइल लागते. म्हटलं, आता साध्या डोळ्यांनी बघा.

त्यांनी चष्मा काढला. कागद उचलून जरा तिरका धरला, मान वळवली, बराच वेळ पाहिलं आणि परत दिला.

"बघितलं. ठीक आहे सगळं."

मी कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. झेरॉक्सवाल्याच्या यंत्राने ओळींच्या सुरुवातीच्या सगळ्या मोकळ्या जागा खाऊन टाकल्या होत्या. कागदावरची एक ना एक ओळ डाव्या कडेला चिकटून उभी होती. आत नाही, बाहेर नाही, कुणाच्या पोटात काय आहे याचा पत्ता नाही. दोन जागा कमी सुटल्या तर माझं जेवण थंड होईपर्यंत बोलणारी बाई हा कागद बघून ठीक आहे म्हणाली होती.

मग एकेक आठवायला लागलं. फोनवरचे निरोप माझ्याकडून वाचून घेणं, चष्मा चार्जिंगला आहे म्हणून. बाजारात नोटा माझ्या हातात देणं. मी तिथेच, त्यांच्यासमोर बसले.

"आई, तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांनी माझ्या हातातून कागद परत घेतला. त्याची घडी घातली, ती आणखी एकदा घातली, आणि सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, चार वर्षं झाली. कडेने दिसतं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तिथेच धूसर डाग. अक्षर वाचता येत नाही. सुवाच बुबुळाकडूनच शिकतो, त्यामुळे त्याला हे न सांगताच कळलं होतं. तो अक्षरं मोठी करून, ठळक करून नेमकी नजरेच्या कडेला ठेवायचा. त्या चष्म्याने त्यांना चार वर्षं काम दिलं होतं. सुजयला सांगितलं नव्हतं, कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "ती गेली तर मी कोण गं? तुझ्या घरातली म्हातारी."

मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही. या बाईने मला सहा महिने छळलं होतं आणि मला ती फार आवडायला लागली होती, हे मला त्या क्षणी कळलं. पण सोमवारी यंत्रं निघणार होती. ती ओळ चुकीची असेल तर तीन वाचकांना ती दिसली नाही असा अर्थ होता, आणि का दिसली नाही हे विचारलं जाणार होतं. मग चष्मा जाणार, आणि त्याच्याबरोबर सासूबाईंची सही. मी गप्प बसले तर कुणाला काही कळणार नव्हतं. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, मी चुकत असेन तर सांगा, नाहीतर आपण हे सांगायला हवं.

"आधी वाच," त्या म्हणाल्या. "कागद नको, पडद्यावरचं वाच. मोठ्याने."

मी वाचायला लागले. त्यांनी चष्मा बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट टेबलाच्या डाव्या कडेला टेकवलं.

"धुलाई सुरू. आत. हवेचा अलार्म बंद करा."

बोट चार बोटं सरकलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट तिथेच, उजव्याच्या शेजारी ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. मी पुढे वाचत गेले. पाणी सोडा. दाब बघा. धुणं अर्धवट न सोडता पूर्ण झालं असेल तर. आत. उजवं बोट आणखी चार बोटं गेलं. पाणी बंद करा. हवेचा अलार्म चालू करा.

"थांब."

मी थांबले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. डावं बोट इथे, उजवं तिथे, मधे चार बोटांचं अंतर.

"बंद केला इथे," त्या डावं बोट आपटत म्हणाल्या, "आणि चालू केला तिथे. धुणं पुरं झालं तरच. आणि मधेच वीज गेली तर?"

मी पुढची ओळ वाचली. बाहेर. वीज परत आल्यावर उपचार सुरू करा.

दवाखान्यात वीज जात नाही, गेली तरी जनरेटर असतो. हे यंत्र घरी जाणार होतं, जतच्या पलीकडे. धुताना वीज गेली की धुणं अर्धवट राहणार, चालू करायची ओळ वगळली जाणार आणि यंत्र अलार्मशिवाय माणसाचं रक्त फिरवायला लागणार. घरगुती यंत्रासाठी कोड नव्याने लिहिताना ती एक ओळ एक पायरी आत गेली होती. सासूबाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका तरतरीत होता.

"अरवाडे साहेबांना फोन लाव," त्या म्हणाल्या. "मीच बोलते."

सोमवारी सकाळी आम्ही दोघी कुपवाडला गेलो. एकही यंत्र निघालं नव्हतं. सासूबाईंनी कुंभोजकरांना त्यांच्या चष्म्यात धुलाईचा भाग काढायला सांगितला. त्यांनाही एकच ओळ दिसली: अलार्म बंद, मग चालू. तिसऱ्या वाचकालाही तेच. काय झालं होतं ते मग उलगडलं. धुलाईचा भाग जुना, या घरगुती यंत्रापर्यंत बारा वर्षं न बदललेला, म्हणून सगळ्यांची नजर त्यावरून भरकन जायची. कुंभोजकरांना वाटायचं ते मगदूमबाई बघतात. मगदूमबाईंना वाटायचं कुंभोजकर बघतात. चष्म्याने तिघांच्या नजरा शिकून घेतल्या आणि तिघांनाही तो भाग घडी घालून, वर स्वतःच्या शब्दांत गोषवारा लिहून दिला. गोषवारा जुन्या यंत्रापुरता खरा होता. ज्याच्याकडे आपण बघत नाही ते हा चष्मा आपल्याला दाखवायचं बंद करतो, एवढा साधा अर्थ इतक्या हुशार माणसांना चार वर्षांत सुचला नव्हता.

अरवाडे साहेबांनी विचारलं की मग हे सापडलं कसं. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी सुवाच काढून टेबलावर ठेवला.

"हिने वाचलं आणि मी ऐकलं. मला दिसत नाही, साहेब. चार वर्षं दिसत नाही. माझी सही मी परत घेते."

 कुंभोजकर टेबलाकडे बघत राहिले. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, चल. बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. माझ्या दंडावर संध्याकाळपर्यंत बोटं उमटून होती.

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले. त्यांनी परवाना परत केला. सुजय घरी आला तेव्हा आईने आपल्याला सांगितलं नाही म्हणून रागावला, मग डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि डॉक्टरांनी जे होतं तेच पुन्हा सांगितलं. सासूबाई दुपारी दुपारी खिडकीशी बसायच्या. मी माझा कोड घेऊन त्यांच्यापुढे बसायचे आणि काही न विचारता वाचायला लागायचे. पहिल्या दिवशी त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एका चलाला 'क' असं नाव दिलं. त्यांनी मान वळवली आणि विचारलं, कोण क? ही युक्ती त्यांना लगेच कळली, पण त्या हसल्या आणि त्यांनी बोट टेबलावर ठेवलं.

मग एका सकाळी कुंभोजकर घरी आले. साहेबांनी चष्मे काढून टाकले नव्हते, पण नियम केला होता. सुवाचमधून वाचायच्या आधी एकदा साध्या, सगळ्यांच्या एकाच मांडणीत, मोठ्याने वाचन व्हायलाच हवं. यंत्राकडून वाचून घेऊन बघितलं म्हणाले, पण त्याला कधी धाप लागत नाही, कितीही लांब ओळ असो, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही काही कळत नाही. शिवाय कुठे आत आणि कुठे बाहेर, हे कानाने पकडणारं माणूस आता कंपनीत एकही नव्हतं. तुम्हाला सही देता येणार नाही, पगार मिळेल, असं ते एका दमात म्हणाले आणि सोबत आणलेली भडंगाची पिशवी पुढे केली.

"ऐकताना खायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

मी परीक्षा दिली आणि पास झाले. लेखी भागात माझ्या मांडणीला पैकीच्या पैकी गुण होते, याचं कौतुक सासूबाईंनी सोडून सगळ्यांनी केलं. मार्चमध्ये घरगुती यंत्राची पुढची आवृत्ती आली. तो गुरुवार होता. टेबलाभोवती सगळे बसले होते आणि तिसरी सही माझी होती, आयुष्यातली पहिली. चुकलं तर कुणाचा तरी जीव जाईल अशी सही करायला माझा हात तयार नव्हता, हे मी लपवत नाही. सासूबाई माझ्या डाव्या हाताला बसल्या होत्या.

मी वाचायला घेतलं. पंप, दाब, तापमान. आत, आत, बाहेर. एका ठिकाणी धाप लागली, त्यांनी हात वर केला, आम्ही ती ओळ तोडून घेतली. मग धुलाई आली. अलार्म बंद, आणि त्यांचं डावं बोट तिथे थांबलं. वीज गेली तर. आत. बाहेर. अलार्म चालू. उजवं बोट परत येऊन डाव्याला टेकलं. कुंभोजकरांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

शेवटची ओळ वाचून मी म्हटलं, बाहेर. त्यांचं बोट सावकाश सरकत टेबलाच्या कडेशी आलं आणि तिथे थांबलं.

"कर सही," त्या म्हणाल्या. मी केली.